देवबागच्या वाळूत एक महाग घड्याळ: काय मोजतं आणि काय गृहीत धरतं

"ताई, ह्यां घड्याळ सांगता तां खरां काय?"

हा प्रश्न माझ्या मावसभावाचा. तो देवबागला राहतो. हंगामात पर्यटकांना स्कूबासाठी नेतो आणि उरलेल्या वेळात पोहण्या-धावण्याचा सराव करतो. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, तिच्यात उतरायचं त्याने ठरवलंय. ओळखीच्या एकांनी त्याला महिनाभर वापरून बघायला एक महागडं मल्टिस्पोर्ट जीपीएस घड्याळ दिलं होतं. तीन आठवडे तो रोज संध्याकाळी मऊ वाळूत धावला आणि घड्याळाने निकाल दिला: तुमची व्हीओटू मॅक्स घसरली आहे, सरावाचा उपयोग होत नाही. गडी एवढा खचला की स्पर्धेचा विचारच सोडायला निघाला. आणि तरीही त्याला तेच घड्याळ विकत घ्यायचं होतं! या वर्गातली घड्याळं साठ हजारांच्या वर जातात, काही लाखाच्या घरात. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असताना घर ज्या पैशावर चालतं, तो हा पैसा.

मी सुट्टीत देवबागला होते, म्हणून घड्याळ आठवडाभर माझ्या मनगटावर बांधलं. आज त्याची समीक्षा करते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक घड्याळ, दोन मनगटं, एक गाव, एवढ्यावरून कुठल्या कंपनीला नापास करणं हीच पद्धतीची चूक ठरेल. आणि मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक घड्याळांना लागू आहे.

आधी प्रश्न ठरवा

नेहमीच्या परीक्षणांत वैशिष्ट्यांची यादी असते: बॅटरी किती दिवस, नकाशे आहेत का, काच नीलमण्याची का. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर उपकरणाकडे असं पाहू नका. माझ्या गाइड मॅडम कुठलाही आकडा दाखवला की एकच विचारतात, "कशाशी ताडून पाहिलंस?" सिनॉप्सिस लिहिताना हा प्रश्न भिंतीवर चिकटवून ठेवा.

एकाच पडद्यावर, एकाच ठळक अक्षरात घड्याळ तीन वेगळ्या जातींचे आकडे दाखवतं. काही थेट मोजलेले (हवेचा दाब, वेळ). काही मोजमापांवरून काढलेले (अंतर, उंची, ठोके). आणि काही गृहीतकं घालून अंदाजलेले (व्हीओटू मॅक्स, विश्रांतीची गरज, सरावाचा दर्जा). पडद्यावर सगळे सारखेच खात्रीशीर दिसतात. माझा पहिला आक्षेप हाच आहे.

उंची: इथे उत्तर आधीच माहीत आहे

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. चढ नाहीच. म्हणजे उंची तपासायला संदर्भ फुकट मिळाला!

घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला, तर घड्याळाच्या हिशेबात तुम्ही साधारण ८ मीटर वर चढलेले असता. आपल्याकडे उष्ण कटिबंधात दाबालाही रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि हा फरक काही हेक्टोपास्कलचा असतो. म्हणून मी घड्याळ सकाळी ओटीवर ठेवलं आणि दुपारपर्यंत हलवलं नाही. उंची हळूहळू वाढत गेली. माणूस ओटीवर, घड्याळ टेकडीवर!

यात सेन्सर चुकला नाही, दाब खरंच उतरला होता. चूक 'दाब बदलला म्हणजे उंची बदलली' या गृहीतकात आहे. आंबोलीचा घाट दोन तासांत चढलात तर हे गृहीतक चालून जातं. दिवसभराच्या नोंदीत ते घात करतं. तेव्हा उपकरण चांगलं की वाईट एवढंच विचारू नका. गृहीतक कुठे टिकतं आणि कुठे मोडतं ते विचारा.

अंतर: माडांखाली आणि पाण्यात

किनाऱ्यावर आकाश मोकळं असतं, तिथे अंतराची मला फारशी तक्रार नाही. आतला रस्ता माडांच्या आणि घरांच्या मधून जातो. तिथे उपग्रहाचा संकेत आपटून, वळसा घेऊन येतो. महाग घड्याळं इथेच पैसे वसूल करतात. ती एल-१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) अशा दोन वारंवारता ऐकतात. एल-५ वरचा कोड दहापट वेगवान असल्याने थेट आलेला आणि आपटून आलेला संकेत वेगळा काढणं सोपं जातं. हा फायदा खरा आहे, नकाशावरच्या रेषेत तो दिसतो.

पण रेषा सुंदर दिसली म्हणजे अंतर बरोबर आलं असं नाही. समजा तुम्ही सरळ रेषेत सेकंदाला ३ मीटर धावताय आणि प्रत्येक बिंदू आळीपाळीने १ मीटर डावीकडे, १ मीटर उजवीकडे सरकलाय. घड्याळासाठी तुमचं प्रत्येक पाऊल तिरपं झालं, ३ ऐवजी सुमारे ३.६ मीटरचं. डावी-उजवी चूक एकमेकींना रद्द करत नाहीत, अंतर फुगतच जातं. प्रत्यक्षात लागोपाठच्या बिंदूंच्या चुका बऱ्याचदा एकाच दिशेच्या असतात, म्हणून एवढं फुगत नाही. शिवाय घड्याळ रेषा गुळगुळीत करतं. पण त्या गुळगुळीतपणात वळणं कापली जातात आणि अंतर कमी होतं. म्हणजे एकच घड्याळ सरळ रस्त्यावर जास्त आणि वळणावर कमी दाखवू शकतं. सरासरी काढलीत तर दोन्ही चुका लपतील!

पाण्यात तर गोष्टच वेगळी. हे संकेत पाण्यातून जात नाहीत. हात वर आला की क्षणभर उपग्रह दिसतात, हात बुडाला की गेले. मधली रेषा घड्याळ जुळवून काढतं. पोहणारे म्हणूनच घड्याळ टोपीखाली किंवा मागे ओढायच्या फुग्याला बांधतात. आम्ही दोन बांबूंच्या खुणांमधलं अंतर किनाऱ्यावर टेपने मोजलं आणि त्याला समांतर पोहायला सांगितलं. अंतर तेच, घड्याळ मनगटावर, तरी दर फेरीला आकडा वेगळा. घड्याळ टोपीखाली ठेवल्यावर आकडे एकमेकांच्या जवळ आले. वैधता म्हणजे खऱ्या किमतीच्या जवळ असणं आणि विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच येणं, हे तुम्ही पेटच्या अभ्यासात पाठ केलं असेल. एकदा असं करून बघा, पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

ठोके: सहसंबंधाचा सापळा

मनगटातला सेन्सर हिरवा प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या लहरीबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो ते पाहतो. शांत बसलात तर काम छान. धावताना हात हलतो, घड्याळ सैल असलं तर बाहेरचा प्रकाश घुसतो, पाण्यात तर सेन्सर आणि कातडी यांच्यामध्ये पाणीच शिरतं. आणखी एक गंमत: धावताना मिनिटाला १६०-१८० पावलं पडतात, ठोकेही त्याच आसपास असू शकतात. मग घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसतं.

ताडून पाहायला छातीचा पट्टा वापरा, तो हृदयाची विद्युत लहर टिपतो. आता खरा मुद्दा. अनेक परीक्षणांत, आणि खेदाने सांगते, प्रबंधांतही लिहिलेलं असतं, "सहसंबंध ०.९ च्या वर, म्हणून उपकरण अचूक." समजा पट्ट्याचे आकडे १२०, १३५, १५०, १६५, १८० आहेत आणि घड्याळ प्रत्येक वेळी १० जास्त दाखवतंय. सहसंबंध किती? पूर्ण १! आणि आकडे? सगळे चूक.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस आल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर साधा उपाय मांडला: दोन्ही पद्धतींमधला फरक काढा, त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन पाहा. समजा सरासरी फरक फक्त १ ठोका आणि विचलन ८. वाटतं, वा, छान! पण सहमतीच्या मर्यादा म्हणजे १ ± (१.९६ × ८), साधारण −१४.७ ते +१६.७. कमाल ठोके १९० असतील, तर १० टक्के रुंदीचा एक झोन १९ ठोक्यांचा. म्हणजे झोनच्या मध्यावर धावणाऱ्यालाही घड्याळ शेजारच्या झोनमध्ये ढकलू शकतं. एवढी चूक चालेल का हे संख्याशास्त्र ठरवत नाही. ते तुमच्या प्रश्नावरून ठरतं, आणि मोजायच्या आधी ठरवून लिहून ठेवायचं असतं.

व्हीओटू मॅक्स: भावाला रडवणारा आकडा

व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर एका मिनिटात, दर किलो वजनामागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून, पट्ट्यावर थकेपर्यंत धावायला लावून ते मोजतात. घड्याळाकडे मास्क नाही. ते पाहतं की या वेगाला ठोके किती पडले, आणि त्यावरून अंदाज बांधतं. वेग कमी आणि ठोके जास्त, म्हणजे दम कमी.

आता त्याला वाळूत धावायला लावा. लेज्यून, विलेम्स आणि हेग्लंड यांनी १९९८ मध्ये दाखवलं की तोच वेग ठेवायला वाळूत कठीण पृष्ठभागाच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. त्यात मे महिन्यातली दमट हवा: घाम वाळत नाही, शरीर थंड करायला हृदय जास्त पळतं. काही घड्याळं उष्म्याची दुरुस्ती करतात. पण पायाखाली डांबर आहे की मऊ वाळू, हे मनगटाला आपण होऊन कळत नाही. भावाने जास्त कष्ट केले आणि घड्याळाने ते कमकुवतपणा म्हणून नोंदवले.

इथे माझी टीका सगळ्यात कडक आहे. अंदाज चुकला म्हणून नाही, अंदाज चुकणारच. तो देताना "हा आकडा सपाट, कठीण रस्त्याचं गृहीत धरून काढला आहे" एवढी एक ओळ घड्याळ दाखवत नाही, आणि वर निकाल सुनावतं. आकड्यासोबत अनिश्चितता न लिहिणारा विद्यार्थी व्हायवात अडकतो. लाखाच्या घड्याळाला ही सूट का?

डब्यावरचे '१०० मीटर'

स्कूबावाल्या भावासाठी हा खास मुद्दा. १० एटीएम किंवा १०० मीटर हा स्थिर दाबाच्या चाचणीचा दर्जा आहे, डुबकीचा परवाना नव्हे. पोहण्यापुरत्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० आणि डायव्हरच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ अशी दोन वेगळी मानकं आहेत. डब्यावर कुठलं लिहिलंय ते बघा, विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

मग घ्यावं का?

चांगलं ते चांगलं. बटणं ओल्या, वाळूच्या हातांनीही दाबता येतात (नुसता टचस्क्रीन पाण्यात वेड लावतो). बॅटरी दमदार आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर दाखवतो. सह्याद्रीत पावसाळी धुक्यात पन्नास किलोमीटर धावणाऱ्याला नकाशा, दोन वारंवारता आणि बॅटरी या तिन्हींचे पैसे वसूल होतील. देवबागात नकाशा कशाला? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. इथल्या पोहणाऱ्याला मधल्या किमतीचं घड्याळ आणि एक छातीचा पट्टा पुरे. पट्टाही पाण्यातून थेट आकडा सहसा पाठवू शकत नाही. म्हणून आत नोंद साठवून नंतर देणारा बघावा.

तुम्ही असं घड्याळ संशोधनात वापरणार असाल तर चार गोष्टी करा. फर्मवेअरची आवृत्ती लिहून ठेवा आणि अभ्यास संपेपर्यंत अपडेट करू नका. नाहीतर अर्धे सहभागी एका सूत्राने मोजले जातील, अर्धे दुसऱ्या. मिळेल तेवढी कच्ची नोंद उतरवून घ्या. प्रत्यक्ष अभ्यास होणार त्याच जागी, त्याच पृष्ठभागावर आधी ताडून पाहा. आणि सूत्र कंपनीचं गुपित असेल, तर तो आकडा मुख्य निष्कर्षाचा पाया करू नका.

भावासोबत आम्ही एक साधी चाचणी ठरवली: पंधरा दिवसांतून एकदा, पहाटे, त्याच डांबरी रस्त्यावर, टेपने आखलेलं तेच अंतर, ठोके पट्ट्यावर बघून तेवढ्याच ठेवायचे आणि वेळ वहीत लिहायची. दुसऱ्या खेपेला वेळ थोडी कमी आली. दोन नोंदींवरून मी काही म्हणणार नाही, तसं त्यालाही सांगितलं.

"मगे वाळूत धावलंय तां फुकट नाय ना गेलां?" त्याने विचारलं.

"ते घड्याळाला माहीत नाही," मी म्हणाले, "मलाही अजून नाही. वही चालू ठेव."

घड्याळ त्याने परत केलं. सराव चालू आहे.

पुढच्या लेखात ब्लँड-आल्टमन आलेख कागदावर हाताने कसा काढायचा ते पाहू. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधलं एक उपकरण निवडा आणि त्याच्यापुढे तो प्रश्न लिहून ठेवा: कशाशी ताडून पाहिलं?