तारण आणि दरबार : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका वादाचा रूपबंध

मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाला निमित्त झाला आहे. अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, बँकांच्या आणि सराफांच्या दारांवर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी हमखास दिसते. त्या विद्यार्थिनीच्या घरी, रविवारच्या उपासनेत, ‘तारण’ हाच शब्द वेगळ्या अर्थाने येत असे. ज्या शब्दाने दागिना अडकून पडतो त्याच शब्दाने आत्मा सुटतो, हे कसे, असे तिला विचारायचे होते. प्रश्न शब्दार्थाचा वाटला, तरी मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत मूलभूत वाद त्यात दडलेला आहे, असे मला वाटते.

‘तारण’ हा शब्द ‘तरणे’ या धातूशी निगडित आहे. पलीकडे नेणे, बुडण्यापासून वाचवणे हा त्याचा एक अर्थ, तर कर्जाच्या फेडीची हमी म्हणून ठेवलेली वस्तू हा दुसरा. ख्रिस्ती मराठीत पहिला अर्थ अभिप्रेत असला, तरी दुसऱ्याची छाया त्यावर पडल्यावाचून राहत नाही. पाप हे ऋण, ख्रिस्ताचे मरण ही खंडणी, आणि ती आपल्यासाठी भरली गेली आहे असे मान्य करणे म्हणजे विश्वास, अशी ही व्यवस्था आहे. तीत माणूस एकटा उभा असतो. त्याचे ऋण त्याचे, त्याची सुटकाही त्याची. याउलट पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी वारंवार येतो तो शब्द ‘राज्य’ हा आहे. राज्य एकट्याचे असू शकत नाही. त्यात भुकेले येतात, जकातदार येतात, पंक्तीला बसण्याचा अधिकार नसलेले येतात. ‘मी कसा तरेन?’ हा एक प्रश्न झाला आणि ‘आपण कोणाच्या राज्यात राहतो?’ हा दुसरा.

पौलाची पत्रे आणि शुभवर्तमाने यांतील हा ताण जुना आहे. १५१७ नंतर ल्यूथरने केवळ विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्ताला ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी आणले आणि कृतीवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला दुय्यम मानले. १८९२ साली योहानेस वाइस या जर्मन अभ्यासकाने येशूच्या उपदेशाचा गाभा राज्याची घोषणा हा आहे, असे आग्रहाने मांडले. अमेरिकेत वॉल्टर राउशेनबुश यांनी सामाजिक शुभवर्तमानाचे ईश्वरविज्ञान मांडले ते १९१७ साली. नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर ल्यूथरन आणि कॅथलिक यांचे संयुक्त निवेदन निघण्यास मात्र १९९९ साल उजाडावे लागले. हा सारा वाद धर्मशास्त्रज्ञांचा म्हणून आपण सोडून देतो. मराठीत मात्र तो धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून फारसा झाला नाही; तो वाङ्मयप्रकारांतून झाला. कोणी कोणत्या प्रकारात लिहिले यातच त्याने कोणती बाजू घेतली हे सांगितले गेले, असे माझे प्रतिपादन आहे.

विश्वासाने तारण हा सिद्धान्त ज्याने अनुभवला त्याच्यापुढे एकच रूप स्वाभाविकपणे उभे राहते, ते साक्षीचे. साक्ष प्रथमपुरुषी एकवचनी असते. तिला भूतकाळ लागतो, आणि त्या भूतकाळाचे दोन तुकडे करणारा एक क्षण लागतो. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणाऱ्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या घडणीचे आहे. अंधार आणि उजेड यांची विभागणी त्याच्या शीर्षकातच आहे. या प्रकाराचे अधिक खोल उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंची १९०७ मधील साक्ष. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज येथे झाला. पण त्यांच्या निवेदनाचा मध्यबिंदू बाप्तिस्मा नव्हेच. तो पुढे सुमारे आठ वर्षांनी येतो. आपण स्वीकारला तो एक धर्म होता, तारणारा अजून भेटलेलाच नव्हता, अशी जाणीव त्यांना तेव्हा होते. ज्या बाईने सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकाराला पदोपदी प्रश्न विचारले, तिनेच स्वतःच्या धर्मांतरालाही प्रश्न विचारावा, हे विलक्षण आहे. साक्षीचे रूप येथे आत्मसमर्थनाचे राहत नाही, ते आत्मपरीक्षणाचे होते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा मार्ग दुसरा. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी साक्षीपेक्षा अभंग, कीर्तन आणि ‘ख्रिस्तायन’ ही रूपे जवळ केली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. हे विधान आपण सामान्यतः समन्वयाचे म्हणून वाचतो. त्याचा रूपविषयक अर्थ ध्यानात घेतला जात नाही. साक्षीतला ‘मी’ ती देणाऱ्याचा असतो. दुसऱ्या कोणाला तो आपला म्हणता येत नाही. अभंगातला ‘मी’ मात्र गाणाऱ्या प्रत्येकाला मोकळा असतो. टाळकऱ्यांनी पद उचलले की तो ‘मी’ अनेकांचा होतो. म्हणजे टिळक प्रथमपुरुषी लिहितात तेव्हाही त्यांचे रूप सामूहिक असते. ज्याला राज्याचा उपदेश सांगायचा आहे त्याने हा प्रकार निवडावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

या निवडीचा कळस म्हणजे ‘देवाचा दरबार’. १९१७ साली मिशनची सवेतन नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास हा बंधुसंघ स्थापिला आणि त्याची दारे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना उघडी ठेवली. शब्द पाहण्यासारखा आहे. बायबलच्या भाषांतरात रूढ झालेल्या ‘राज्य’ या शब्दात सीमा आहेत, कायदा आहे. ‘दरबार’ या शब्दात राजा समोर बसलेला आहे आणि दाद मागायला कोणीही आत येऊ शकतो. आणि तो शब्द मराठ्यांच्या राजधानीत उच्चारला जात होता, हेही विसरता येत नाही. चर्चची नोंदवही ज्या रेषेने आतले आणि बाहेरचे ठरवी, ती रेषाच टिळकांनी एका शब्दाने ओलांडली. ‘फुलामुलांचे कवी’ या आपल्या पाठ्यपुस्तकी बिरुदात या धाडसाला जागा उरलेली नाही.

भाषेच्या धोरणातही हा भेद उतरला आहे. पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा गंध येणारे संस्कृत शब्द टाळून साध्या बायकांना कळेल अशी मराठी योजली. विश्वास म्हणजे जुन्याशी तुटणे, म्हणून शब्दही तोडायचे. टिळकांनी उलट भक्तिपरंपरेचे शब्द आत घेतले. ख्रिस्ताला माउली म्हटले. गंमत अशी की, जुन्या शब्दांविषयी इतक्या सावध असलेल्या रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेला नाव दिले ते ‘मुक्ती’. शब्द इतक्या सहजी तुटत नाहीत.

येथवरच्या विवेचनावरून टिळकांकडे झुकते माप जाते आहे, असे वाचकाला वाटेल. देशीयतेच्या चर्चेत वाढलेल्या आपल्या समीक्षेला ते सोयीचेही आहे. पण चरित्रे समोर ठेवली की तराजू उलटतो. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा यांना केडगावी अन्न मिळाले, शिक्षण मिळाले. त्यांनी शेती केली, विणकाम केले, छापखाना चालवला. भुकेल्यांची पंगत ही राज्याची खूण मानली, तर ती पंगत केडगावी बसली होती. आणि ती बसवली होती केवळ विश्वासाने तारण होते असे मानणाऱ्या बाईने. दरबाराची घोषणा करणारे टिळक १९१९ च्या मे महिन्यात निवर्तले. संस्था म्हणून दरबार फार काळ उभा राहू शकला नाही. टिकली ती त्यांची पदे. राज्य सांगणाऱ्याच्या मागे गाणी राहिली आणि विश्वास सांगणारीच्या मागे कर्तृत्व राहिले. या व्यत्यासाला सामोरे न जाता आपण सोयीची वाटणी करून टाकली आहे. टिळक वाङ्मयाच्या इतिहासात आणि रमाबाई समाजसुधारणेच्या इतिहासात. परिणामी दोघांमधला संवाद कोणत्याच इतिहासात वाचता येत नाही.

हा संवाद जिथे ऐकू येतो ती संहिता म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६). लक्ष्मीबाईंनी ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले खरे, पण स्वतःची गोष्ट सांगताना त्यांनी ना साक्ष लिहिली, ना पुराण. त्यांच्या निवेदनात आयुष्य दुभंगणारा क्षण नाही. सोवळे सुटते, कोणाच्या हातचे पाणी प्यायचे हा प्रश्न गळून पडतो, परकी मुले घरची होतात. बाप्तिस्मा या ओघात एक घटना म्हणून येतो, सीमारेषा म्हणून येत नाही. जातिभेद टाकण्याचा त्यांचा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. राज्य आधी आले आणि विश्वास मागाहून, की विश्वासच राज्याच्या वेषात आला, हे लक्ष्मीबाई ठरवीत नाहीत. त्यांचा विनोद हे ठरवू देत नाही. सिद्धान्ताला लागणारा गंभीर ‘मी’ त्या स्वतःवर हसून मोडून काढतात.

म्हणून त्या विद्यार्थिनीला मी दिलेले उत्तर अपुरे होते. दोन अर्थ योगायोगाने एका शब्दात आले आहेत, असे मी तिला सांगितले होते. आज सांगेन की, तारण ठेवलेली वस्तू सुटते ती परत वापरात येण्यासाठी. सोडवून पुन्हा कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. रमाबाईंनी सुटका केडगावच्या शेतात वापरात आणली, टिळकांनी ती अभंगात खेळती ठेवली आणि लक्ष्मीबाईंनी संसारात. धर्मांतरितांचे वाङ्मय ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला सारणारी आणि ‘समन्वयवादी’ म्हणून गौरवणारी अशा दोन्ही समीक्षा या वापराकडे पाहत नाहीत. श्रद्धेचा आशय बाजूला ठेवून तिचे रूप तेवढे वाचता येईल, असे आपण मानत आलो. या तीन लेखकांच्या बाबतीत तरी रूप हीच श्रद्धेविषयीची भूमिका आहे. ती टाळून त्यांचे वाङ्मय वाचता येणार नाही.