‘माणसामुळे’ म्हणजे कुणामुळे?

येल विद्यापीठ आणि सीव्होटर यांनी ४,६१९ भारतीयांशी बोलून २०२२ मध्ये ‘क्लायमेट चेंज इन द इंडियन माइंड’ हा अहवाल काढला. त्यातला सहज शेअर होईल असा आकडा म्हणजे ५४ टक्के. एवढ्या लोकांना ग्लोबल वॉर्मिंगबद्दल अगदी थोडं माहीत आहे किंवा त्यांनी ते नावच ऐकलेलं नाही. हे वाचून आपण शहरात बसून मान हलवतो: लोकांना जागरूक करायला हवं.

पण पुढे वाचा. छोटीशी व्याख्या सांगितल्यावर ८४ टक्के लोक म्हणाले, हो, हे घडतंय. म्हणजे पहिल्या प्रश्नाने फक्त शब्दाची ओळख तपासली. दोन्ही आकडे दिले, हा अहवालाचा प्रामाणिकपणा.

माझा आक्षेप तिसऱ्या प्रश्नाला आहे: हे कशामुळे होतंय? ५७ टक्के म्हणाले, मुख्यतः माणसामुळे. ३१ टक्के म्हणाले, निसर्गातल्याच बदलांमुळे.

आता हा प्रश्न गोंडपिपरीत नेऊन बघा. वर्धा आणि वैनगंगेच्या मधला तालुका. धान, कापूस, मोहफूल, तेंदूपत्ता. याच चंद्रपूर जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. पहाटे मोहफूल वेचणारी बाई आणि कोळसा जाळणारं केंद्र, अहवालाच्या रकान्यात दोघंही ‘माणूस’. विजेवर दिवसभर लॅपटॉप चालवणारा मीसुद्धा तोच. फॉर्म बनवणं हे माझं रोजचं काम, म्हणून सांगतो: जो पर्याय ड्रॉपडाउनमध्ये नसतो, ते उत्तर डेटाबेसमध्ये कधीच पोचत नाही.

गावातली समज नेहमी बरोबरच असते असंही नाही. वैनगंगेला पूर आला की गोसीखुर्द धरणाचं नाव निघतं. सगळा दोष धरणाला दिला तर बदलता पाऊस सुटतो. सगळा दोष हवामानाला दिला तर धरणाचे दरवाजे उघडायची वेळ ठरवणारे सुटतात.

लोकांचं अज्ञान मोजलं की जनजागृतीचे फलक लागतात. ‘कुणामुळे’ हे मोजलं तर मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचं काय, हेही कुणाला तरी विचारावं लागेल. पुढच्या सर्व्हेत तेवढा एक रकाना वाढवा.