'मुलगी झाली हो' : प्रचार आणि प्रयोजन

स्त्री मुक्ती संघटनेनें १९८३ सालीं रंगभूमीवर आणलेलें श्रीमती ज्योती म्हापसेकर यांचें 'मुलगी झाली हो' हें नाटक प्रचारकी आहे, असा आक्षेप कोणीही घेईल. तो आम्हांस अंशतः मान्य आहे. त्यांतील पात्रें व्यक्तींपेक्षां नमुनेच अधिक. परंतु येथें हा दोषच गुण ठरतो. मार खाणारी स्त्री 'हें माझ्याच नशिबीं' असें समजून मूग गिळते. शेजारीही 'त्यांच्या घरचें ते पाहतील' म्हणून दार लावून घेतात. मुलीच्या जन्मापासून सासरच्या छळापर्यंतची ही कहाणी चारचौघांत, गाण्यांतून ऐकली म्हणजे तें दुःख एकटीचें राहत नाहीं, आणि शेजाऱ्यांची सबबही उरत नाहीं.

तथापि पडदा पडतो, आणि ती स्त्री त्याच घरीं परतते. संघटनेनें हें ओळखून पुढें कुटुंब-सल्लाकेंद्रें उघडलीं, हें योग्यच झालें. १९८३ सालींच दंडविधानांत ४९८-अ हें कलम आलें. २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. पण कायद्याच्या दारापर्यंत जावयास सोबत लागते. ती सोबत प्रेक्षकांतून उभी राहिली, तरच हें नाटक सफल झालें असें आम्ही म्हणूं. नुसत्या टाळ्यांनीं नव्हे.