पढवलेला साक्षीदार

न्यायालयात लहान मुलाची साक्ष घेण्याचा प्रसंग आला, की न्यायाधीश प्रथम त्याला दोन-चार साधे प्रश्न विचारतात. तुझे नाव काय, शाळा कोणती, खरे बोलणे म्हणजे काय. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने साक्षीदाराला वयाची अट घातली नव्हती. 2024 साली त्याच्या जागी अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती घातलेली नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आले, की सात वर्षांचे मूलही साक्षीस पात्र ठरते. विरुद्ध बाजूचा आक्षेप मात्र ठरलेला असतो : ‘साक्षीदार पढवलेला आहे.’ पढवलेले मूल ओळखणे अवघड नाही. ते अडखळत नाही, आणि न विचारलेलेही सांगून टाकते.

मराठी बालवाङ्मयातील पुष्कळ पुस्तके वाचताना आम्हांस हाच आक्षेप घ्यावासा वाटतो. त्यांतील मुले पहाटे उठतात, खरे बोलतात, झाडे लावतात आणि शेवटच्या परिच्छेदात आपण काय शिकलो तेही सांगतात. हे बोलणे मुलाचे नव्हे, मुलाच्या तोंडून वदवलेले प्रौढाचे होय. दोष केवळ लेखकाच्या वृत्तीचा म्हणावा, तर तेही न्यायाचे होणार नाही. त्याच्या लेखनजीवनाकडे पाहिल्यावाचून निकाल देणे म्हणजे एकतर्फी हुकूमनामा ठरेल.

मुलांसाठी लिहिणारा मराठी लेखक बहुधा दुसऱ्या कशावर तरी पोट भरून उरल्या वेळात लिहीत आला आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ मासिक काढले आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवले. भा. रा. भागवतांनी 1951 मध्ये ‘बालमित्र’ काढले. ते फार वर्षे टिकले नाही, पण पुढे याच लेखणीतून ‘फास्टर फेणे’ अवतरला. कोकणीचे शणै गोंयबाब मुंबईत कचेरीची नोकरी करीत करीत आपल्या भाषेचा संसार उभा करीत होते. त्या धडपडीतही ‘भुरग्यांलो इश्ट’ लिहिण्यास त्यांनी सवड काढली. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यास निदान समीक्षक तरी भेटतो. मुलांच्या लेखकाचे पुस्तक शिक्षक निवडतो, पालक विकत घेतो, आणि ज्याच्यासाठी ते लिहिले त्या मुलाचे मत कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईक प्रौढ असल्यावर मालही प्रौढाच्या पसंतीचा निघतो, यात नवल ते काय?

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे एक कागद घेऊन आले. त्यांच्या बालकथांचे ‘सर्व हक्क’ त्यांनी एका ओळीत, किरकोळ रकमेला देऊन टाकले होते. त्यांस पैशाची तक्रार नव्हती. देवळाच्या सभामंडपात मुलांना आपल्याच गोष्टी वाचून दाखवल्या तर गुन्हा होईल काय, एवढेच त्यांना विचारायचे होते. 1957 च्या कायद्याचे 19 वे कलम हक्क देण्याचा करार लेखी व सहीचा असावा, त्यात मोबदला नमूद असावा असे सांगते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कागदात मुदत नव्हती आणि पाच वर्षे उलटून गेली होती. गोष्टी परत त्यांच्या झाल्या होत्या, पण ते त्यांना ठाऊक नव्हते. ज्याला आपल्या लेखनाची किंमत कोणी कधी सांगितली नाही, तो आपल्याच शब्दांपाशी असा भीत भीत उभा राहतो.

आता साने गुरुजींचे उदाहरण घेऊ. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. उपदेशाचा आरोप या पुस्तकावर नेहमी होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. तरीही श्याम पढवलेला साक्षीदार नव्हे. तो स्वतःविरुद्ध बोलतो. आपला भित्रेपणा, आपला हट्ट तो आपण होऊन पुढे मांडतो. ही साक्ष नव्हे, हा कबुलीजबाब होय, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र गुरुजींचा बोध उचलला आणि कबुली तेवढी गाळली. 1950 मध्ये गुरुजी निवर्तले; साठ वर्षांची मुदत संपून 2011 च्या आरंभी त्यांची पुस्तके सर्वांना मोकळी झाली. पुस्तक कोणीही छापू शकतो, तो जीव मात्र कोणाला छापता येत नाही.

याहून वेगळी वाट आमच्याच मुलखात सापडते. इंदिरा संत यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीचे. 1946 मध्ये पती निवर्तल्यावर बेळगावात शिक्षिका म्हणून राबत, मुलांना वाढवत त्यांनी कविता लिहिली. त्यांची ‘गवतफुला’ ही बालकविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवली गेली. त्या कवितेत माळावर खेळायला गेलेले मूल एका इवल्या फुलावर भाळते, एवढेच घडते; बोध काही नाही. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत यांनी ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांत लंपन उभा केला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा कानडीचा वास लागलेल्या बेळगावी मराठीत बोलतो, मनातल्या मनात भलतेच हिशेब मांडतो, आणि आपले दुःख त्याला नीट सांगताही येत नाही. तो अडखळतो, म्हणूनच त्याच्यावर आमचा विश्वास बसतो. ही पुस्तके बालवाङ्मय म्हणून लिहिली गेली नाहीत, असे कोणी म्हणेल. आम्ही ते मान्य करतो. पण मुलांसाठी लिहू पाहणाऱ्याने मुलाचा आवाज कसा असतो हे शिकायचे ते येथेच.

लोंढ्याच्या फलाटावर उभे राहिले, की हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. एक रूळ बेळगावाकडे जातो, एक कॅसल रॉककडून गोव्यात उतरतो, एक धारवाडास. येथले मूल घरी मराठी किंवा कोकणी बोलते, बाजारात कानडी बोलते, आणि पुष्कळदा शिकते चौथ्याच भाषेत. त्याच्या तोंडची भाषा कोणत्या पुस्तकात आहे? 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या सीमेच्या दाव्याचा निकाल काहीही लागो. मुलाला आपली भाषा पुस्तकात भेटली नाही, तर घरच्या उंबऱ्यातच ती हरलेली असेल.

आमच्या देवळांच्या सभामंडपात पूर्वी हरदासाचे आख्यान आजोबा आणि नातू एकाच सतरंजीवर बसून ऐकत. ध्रुव रुसला की मुले गप्प होत, गोपाळांनी लोणी चोरले की हसत. बोध पूर्वरंगात सांगून झालेला असे. उत्तररंगात कथा आपल्या पायांनी चालत असे. तोच सभामंडप आजही आहे. देवस्थानांच्या समित्यांनी तेथे मराठी-कोकणी बालपुस्तकांचे एक कपाट ठेवावे, गावातल्या लिहित्या शिक्षकाला मान देऊन वाचावयास बोलवावे. आणि गोष्ट संपल्यावर, ‘यावरून तू काय शिकलास?’ हा प्रश्न तेवढा मुलाला विचारू नये. त्याला सांगायचे असेल, तर ते आपण होऊन सांगेल. आणि ती साक्ष खरी असेल.