आधी कॉपी, मग एक्स्ट्रॅक्ट? एका रूढ सल्ल्याचे परीक्षण

संगणक-प्रयोगशाळेच्या टिपणांत एक सल्ला हमखास आढळतो : पेनड्राइव्ह किंवा बाह्य हार्डडिस्कवरील झिप फाइल आधी संगणकात कॉपी करावी, मगच उघडावी. कारण सहसा दिलेले नसते. लहान फाइलींना याने काही बिघडत नाही. मोठ्या फाइलींच्या बाबतीत मात्र सल्ला चुकतो.

हिशेब करून पाहा. ४० जीबीची जीझिप फाइल यूएसबी २.० ने जोडलेल्या डिस्कवर आहे. प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ एमबी धरला, तर नुसत्या वाचनाला सुमारे १९ मिनिटे लागतात. प्रोसेसर सेकंदाला ७५ एमबी संकुचित मजकूर उलगडतो असे धरा. त्याचे काम ९ मिनिटांचे. आधी कॉपी केल्यास ही बेरीज २८ मिनिटे होते. बाहेरून वाचत थेट आतल्या डिस्कवर उलगडल्यास दोन्ही कामे बरोबरीने चालतात आणि वेळ १९ मिनिटांच्या आसपास राहतो. आता तीच फाइल यूएसबी ३.० च्या वेगवान एसएसडीवर ठेवा. वाचन दोन मिनिटांवर येईल, पण एकूण वेळ ९ मिनिटांखाली जाणार नाही. कारण साध्या जीझिपचा एकसलग प्रवाह अनेक कोअरमध्ये सहज वाटता येत नाही. इथे महागडी केबल घेणे म्हणजे पैसे वाया.

सल्ल्यात तथ्य एवढेच की, त्याच बाह्य हार्डडिस्कवर उलगडणे सर्वांत वाईट. फिरत्या डिस्कच्या हेडला वाचन आणि लेखन यांमध्ये सतत ये-जा करावी लागते. केबल ढिली असेल, किंवा तीच फाइल पुन्हापुन्हा लागणार असेल, तर आधी कॉपी करणेही योग्यच.

पण मूळ प्रश्न टिपणे विचारतच नाहीत : सगळी फाइल उलगडायची गरज आहे का? चंडीगडच्या सीएसआयआर-सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत (इमटेक) औषधशोधासाठी तयार झालेली ओएसडीडीलिनक्स ही प्रणाली इथे आठवावी. ती लाइव्ह रूपातही वापरता येते. लाइव्ह लिनक्समध्ये सहसा स्क्वॉशएफएस ही संकुचित फाइल-प्रणाली असते. तिचे मूळ ठोकळे १२८ केबीचे, आणि हवा तेवढाच ठोकळा मेमरीत उलगडतो. म्हणून प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू होते, डिस्कवर काही पसरावे लागत नाही. जीवमाहितीशास्त्रातील बीजीझेडएफ हीच कल्पना वापरते. तिचे ठोकळे जास्तीत जास्त ६४ केबीचे व परस्परांपासून स्वतंत्र असल्याने अनेक कोअर एकदम कामाला लागतात. जनुकक्रमाच्या फास्टक्यू फाइली बहुतेक साधने संकुचित अवस्थेतच वाचतात, तरी विद्यार्थी त्या उलगडून प्रयोगशाळेची सामायिक डिस्क भरून टाकतात. मग दुसऱ्याचे चालू काम जागेअभावी मध्येच थांबते. याला जबाबदार विद्यार्थ्यांपेक्षा टिपणे अधिक.

आणखी एक बाब टिपणांतून सुटते. विंडोजमध्ये ७-झिपच्या खिडकीतून फाइल माउसने ओढून बाहेर टाकली, तर ती आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि मग इच्छित जागी जाते, म्हणजे लेखन दोनदा. 'एक्स्ट्रॅक्ट' बटण दाबून आतल्या डिस्कवरचे ठिकाण दिल्यास हा फेरा वाचतो.