रानड्यांचे अर्थशास्त्र आणि वेंगुर्ल्याचे बंदर

कै. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचे हिंदी अर्थशास्त्रावरील इंग्रजी निबंध 1898 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ह्या पुस्तकाचे नाव आपल्याकडे जितके घेतले जाते तितके ते वाचले जात नाही. आणि जे वाचतात तेही बहुधा एवढाच अर्थ घेऊन उठतात की, खुला व्यापार हे इंग्रजांचे थोतांड होते व परदेशी मालावर जकात बसविणे ही देशभक्ती होय. पुस्तक इतके सोपे नाही. गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्यास मुक्काम असता आम्ही ते पुन्हा वाचून काढले, तेव्हा त्यातील जोर आणि उणीव ही दोन्ही त्या गावी आम्हास अधिक स्पष्ट दिसली.

खुल्या व्यापाराचा मूळ सिद्धांत रिकार्डो ह्या इंग्रज पंडिताने 1817 साली मांडला. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापडास पोर्तुगालात 90 माणसांचे वर्षाचे श्रम लागतात व इंग्लंडात 100 माणसांचे. द्राक्षासवास पोर्तुगालात 80 व इंग्लंडात 120. दोन्ही जिन्नस पोर्तुगालातच स्वस्त, तरीही त्याने आसवच करावे, कापड इंग्लंडातून आणावे, त्यात उभयतांचा लाभ. वैद्यबुवा शिष्यापेक्षा चांगले खलत असले, तरी खलबत्ता शिष्याच्या हाती देऊन आपण नाडी पाहतात, तसेच हे. ह्या गणितात चूक नाही, आणि रानड्यांनीही ती काढलेली नाही. 1892 साली पुण्यास डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विचारले ते निराळेच: शिष्याने जन्मभर खलतच राहावे काय? कच्चा माल पिकवून इंग्रजी गलबतांत भरून द्यावा, एवढेच काम ह्या देशाच्या वाट्यास यावे, हे त्यांस मान्य नव्हते. आणि अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांस व सर्व काळी सारखेच लागू पडतात, हा इंग्रजी ग्रंथकारांचा अभिमान त्यांनी मोठ्या धिमेपणाने उतरविला.

रानड्यांचा हा भाग आजही बिनतोड आहे. परंतु ज्यास त्या काळी खुला व्यापार म्हणत, तो खुला होता काय? 1882 साली सरकारने विलायती कापडावरील आयात जकात उठविली, तेव्हा खुल्या व्यापाराच्या तत्त्वाचा मोठा गजर झाला. त्याच साली मिठावरचा कर मात्र कमी करूनही मणास 2 रुपये राहिला, आणि 1888 साली तो अडीच रुपये झाला. मीठ पिकविण्याचा खर्च मणास काही आण्यांच्या पलीकडे जात नसे. मँचेस्टरचे धोतर मोकळेपणी यावे आणि ते नेसणाराने आपल्या दाराशी पिकणाऱ्या मिठावर दंड भरावा, असे हे तत्त्व! पुढे 1930 च्या मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तो ह्याच दंडाविरुद्ध. व्यापार खुला झाला म्हणजे जिनसा स्वस्त होऊन गरिबाच्या घरी चार पैसे उरतात, हा त्या सिद्धांताचा खरा प्राण. त्या कसोटीस लावले असता शिरोड्याचे सत्याग्रही हेच खुल्या व्यापाराचे खरे अनुयायी ठरतात.

आता उणीव सांगतो. रानड्यांच्या निबंधांत देश भेटतो, उद्योग भेटतो, भांडवल भेटते; जिन्नस विकत घेणारे गिऱ्हाईक फारसे भेटत नाही. तसेच एका गावाचा लाभ दुसऱ्या गावाचा तोटा कसा होतो, हेही त्यांत आढळत नाही. ह्याचे उदाहरण वेंगुर्ल्याच्या शेजारीच घडले. 1878 च्या डिसेंबरात इंग्लंड व पोर्तुगाल ह्यांचा तह होऊन 1880 पासून गोवे व ब्रिटिश हिंदुस्थान ह्यांमधील जकातनाकी उठली. तो तह 1892 पर्यंत चालला. त्यातच मार्मागोव्याहून घाटावर लोहमार्ग नेण्याची योजना होती. तोपर्यंत बेळगावकडील माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरी येत असे. 1888 च्या सुमारास लोहमार्ग पुरा झाला आणि तो मार्मागोव्यास जाऊ लागला. घाटावरील गिऱ्हाइकास वाहतूक सोयीची झाली, हे निर्विवाद. पण ती सोय ज्यांच्या पोटावर आली ते वेंगुर्ल्याचे गाडीवान, हमाल आणि तांडेल होते. बेरीज केली तर लाभच अधिक भरेल. पण त्यांतला एक पैसाही कोणी त्या गाडीवानास दिला नाही. तोच तह करिताना गोव्यातील मिठाचा ताबा मात्र इंग्रज सरकारने आपल्याकडे घेतला, आणि तेथील मीठ महागले. नाकी उठली ती व्यापाऱ्याची. आगरावर नवे नाके बसले.

वेंगुर्ल्यास डचांनी 1637 साली वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत. मसाल्याचा मक्ता टिकावा म्हणून ज्यांनी 1621 साली बांदा बेटांतील रहिवाशांचा संहार केला व पूर्वेकडील लवंगेची झाडे उपटविली, त्यांचीच ही कंपनी. रानड्यांचा एक निबंध जावा बेटातील डचांच्या लागवडपद्धतीवर आहे, आणि आमच्या मते तो पुस्तकात सर्वांत कमी वाचला गेलेला व सर्वांत उपयुक्त आहे. त्या पद्धतीतील सक्ती रानड्यांस नको होती. सरकारने आगाऊ भांडवल पुरवून उद्योग उभे करावेत, एवढेच त्यांस घ्यावयाचे होते. म्हणजे त्यांचे मुख्य औषध जकात नव्हे, भांडवल होय. त्यांच्या नावाने जकातीची तरफदारी करणारांनी हा निबंध उघडलेला दिसत नाही.

आजचा प्रश्न काजूचा. हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, जे 1957 पासून आहे, त्याच्या अनेक चांगल्या जाती काढल्या. स्थानिक बीचा हंगाम तीनचार महिन्यांचा; पुढे कारखाने आफ्रिकेतून आलेल्या बीवर चालतात, आणि बी फोडून गर सोलणाऱ्या स्त्रियांची चूल त्यावर पेटते. बागायतदार म्हणतो, परदेशी बीने माझा भाव पाडला. त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या बीवर 2016 साली 5 टक्के बसविलेली व 2018 साली अडीच टक्के केलेली जकात त्यास कितीशी तारणार? जबर जकात बसविली तर ती सोलणारीच्या रोजगारातून वसूल होईल. सोललेल्या गरावर 2019 साली 45 ची 70 टक्के झाली, ती दिवाळीच्या फराळात आपणच भरतो. ह्यापेक्षा 2024 च्या हंगामासाठी महाराष्ट्र सरकारने बीवर किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केले, तो मार्ग आम्हास अधिक सरळ वाटतो. रक्कम थोडी आहे, पण ती खजिन्यातून उघडपणे जाते, आणि कोणास किती दिले हे कोणासही विचारता येते.

रानड्यांची भाषा जड आहे. वाक्ये लांब आहेत आणि आकड्यांची गर्दी फार. ज्यांस वेळ थोडा त्यांनी 1892 चे व्याख्यान आधी व डच पद्धतीवरील निबंध त्यामागून वाचावा, लोखंडाच्या उद्योगावरील निबंध मागे ठेविला तरी चालेल.