न गायिलेली भैरवी

आपल्या मैफलीला शेवट असतो. रात्र सरत आली की गवई भैरवी घेतो आणि श्रोते समजून उठतात. नवल एवढेच की, ज्या मंडळ्यांनी हे गाणे गावोगाव पोचविले त्यांच्या स्वतःच्या नशिबी मात्र भैरवी बहुधा आली नाही. त्या थांबल्या नाहीत, फुटल्या. एकत्र कुटुंबाची भांडीकुंडी वाटली जावीत तशी माणसे वाटली गेली, आणि प्रेक्षकाला त्याची वार्ता कळली ती पुढच्या जाहिरातीत एखादे नाव नाहीसे झाले तेव्हा!

आम्हा तानशाकडच्यांना नाटक मंडळ्यांचे सुख तसे बेताचेच. आमच्या तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. मुंबईची नाटके मात्र उलट वाटेने इकडे येत नाहीत. आमची रंगभूमी म्हणजे मुरबाडजवळच्या म्हसा गावची पौषातली जत्रा आणि तिथला तमाशाचा फड. एखाद्या वर्षी ओळखीचा फड दिसत नाही. चौकशी करावी तर ‘फड मोडला’ हे दोन शब्द हाती येतात. शेवटचा खेळ कसा रंगला हे कोण सांगणार? तो शेवटचा आहे हे ढोलकीवाल्याला तरी कुठे ठाऊक होते?

पश्चिमेकडे असा शेवट जाहीर करून साजरा करण्याची रीत आहे. ‘द बँड’ या नावाच्या पाच वादक-गायकांनी २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात आपला निरोपाचा जलसा केला. आधी हजारो श्रोत्यांना सणाचे जेवण वाढले, मग गाणे. बॉब डिलन, मडी वॉटर्स, जोनी मिचेल असे नामांकित पाहुणे आले. मार्टिन स्कॉर्सेझीने त्याचा चित्रपट केला, तो १९७८ मध्ये पडद्यावर आला. तो देखणा आहे यात शंका नाही. पण मला तो पाहताना लग्नघरातल्या गर्दीची आठवण होते; पाहुण्यांच्या सरबराईत घरची माणसे दिसेनाशी होतात. पाहुणे उतरले आणि हे पाच जण आपलेच गाणे वाजवू लागले की, एकाने टाकलेला स्वर दुसरा उचलतो, तिसरा त्याला टेकू देतो, आणि इतक्या वर्षांच्या संगतीने काय कमावले ते तेव्हा कळते. मौज अशी की हा निरोपही एकमताचा नव्हता. गाणारा ढोलवादक लेव्हॉन हेल्म याने पुढे आपल्या आत्मचरित्रात फुटण्याला आपला विरोध होता असे स्पष्ट लिहिले. आणि १९८३ मध्ये रॉबी रॉबर्टसन वगळून बाकीचे पुन्हा एकत्र आलेही.

त्यापेक्षा मला बीटल्सची गच्ची अधिक खरी वाटते. ३० जानेवारी १९६९ च्या थंडीत लंडनमधल्या आपल्याच कचेरीच्या माथ्यावर चौघे, सोबतीला बिली प्रेस्टन, सुमारे चाळीस मिनिटे वाजवीत होते. अखेर पोलीस वर आले. निरोपाचा शब्दही नाही. आपसांत बिनसलेले हे लोक, पण सम गाठताना एकमेकांकडे कसे पाहतात ते बघावे! लोकांसमोरचे त्यांचे ते शेवटचे एकत्र वादन ठरले.

आपल्याकडे काय झाले? १८८० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीतून १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे १९१८ मध्ये त्याच किर्लोस्करांकडून मास्टर दीनानाथ निघाले आणि बळवंत संगीत मंडळी झाली. या फाटाफुटीवर आपण रसिकांनी भरपूर लिहिले-बोलले, पण कोणी कोणाला सोडले एवढेच. एकत्र गाताना काय साधत होते, जे वेगळे झाल्यावर साधेनासे झाले, याची नोंद फार थोड्यांनी ठेवली. ८ जुलै १९२१ चे संयुक्त ‘मानापमान’ घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या मुंबईत एका रंगमंचावर आल्या. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. म्हणजे त्या रात्रीच्या श्रोत्यांनी एक निरोप नकळत ऐकला होता. तरी चर्चा अजून एकच: सरस कोण?

मला चुटपुट लागते ती साथीची. गंधर्व मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवाँसाहेब होते. रात्र-रात्र तेच गळे, तीच बोटे. गायकाच्या मनात पद घोळू लागण्याआधी ते सारंगीला कळत असावे! ध्वनिमुद्रिकेत तीन-साडेतीन मिनिटांचा गळा उरला आहे. पहाटेपर्यंत चाललेल्या नाटकातली ती देवघेव त्यात मावणे शक्यच नव्हते. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटासाठी बालगंधर्व प्रभातकडे गेले. पुढे ते रंगभूमीवर परतले खरे. पण १९३६ मध्ये थिरकवाँसाहेब रामपूर दरबारी रुजू झाले होते.